पोटातील वस्ती आणि स्वमग्न मूल

नगर हवेलीतील वारली व कोकणा पाड्यांवर नागलीची भाकरी आणि आंबील हे पूर्वापार अन्न. पीठ पाण्यात कालवून ठेवावे, ते आंबले म्हणजे शिजवावे, एवढीच आंबिलीची कृती. परंतु आंबणे म्हणजे काय, हे सांगणारे शास्त्र युरोपात जन्मास येण्यापूर्वी कित्येक पिढ्या त्या मडक्यातील अदृश्य जीवांकडून काम करून घेत होत्या. पोटाच्या दुखण्याविषयी या किनाऱ्याची भाषाही मुकी नव्हती. १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या गार्सिया द ओर्ता याच्या ग्रंथात पटकीसारख्या रोगाचे वर्णन आहे, आणि त्याचे जे देशी नाव तेथे दिले आहे ते उघडच आपल्या ‘मोडशी’चे भावंड आहे. पोर्तुगीजांनी ते आपल्या जिभेला वळेल तसे वाकविले. फ्रेंचांनी तर त्याचे असे रूप केले की, त्याचा अर्थ ‘कुत्र्याचे मरण’ असा व्हावा. १७८३ मध्ये नगर हवेली मराठ्यांकडून पोर्तुगीजांकडे गेली, २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा मुक्त झाले. मोडशी मात्र शब्द म्हणून आणि व्याधी म्हणूनही दोन्ही राजवटींत कायम राहिली.

पोटाचा आणि मोडशीचा संबंध कोणासही समजतो. पोटाचा आणि मनाचा संबंध लावणे हे काम कठीण. आजमितीस जगातील अनेक प्रयोगशाळांत पुढील प्रश्नाचा काथ्याकूट चालू आहे: स्वमग्न मुलाच्या आतड्यातील जंतू इतर मुलांच्या जंतूंहून निराळे असतात काय, आणि असल्यास ते निराळेपण हे स्वमग्नतेचे कारण की तिचा परिणाम? प्रश्न नवा दिसतो. परंतु त्याच्या मागे सव्वाशेहून अधिक वर्षांचा इतिहास आहे, आणि त्यात शोधांइतकाच चुकांचाही वाटा आहे.

गंमत अशी की, आतड्यातील जंतूंचे शास्त्र मुळात मुलांच्याच दुपट्यांतून निघाले. १८८५ मध्ये म्यूनिक येथे थिओडोर एशेरिख या बालवैद्याने तान्ह्या मुलांच्या विष्ठेत एक दांडीसारखा जंतू पाहिला. आज तो त्याच्याच नावाने ओळखला जातो. पुढे पॅरिसमध्ये आंरी तिस्सिए याला अंगावर पिणाऱ्या मुलांच्या पोटात दुफाटा असलेला निराळा जंतू विपुल आढळला. बाटलीचे दूध पिणाऱ्या मुलांच्या पोटात त्याचे तसे राज्य नव्हते. म्हणजे जसे अन्न तशी पोटातील वस्ती, ही गोष्ट विसावे शतक उजाडता उजाडताच ध्यानात आली होती. ती पुढे वारंवार विसरली गेली, हा भाग निराळा.

तिस्सिए ज्या पाश्चर संस्थेत काम करीत होता, तेथेच एली मेचनिकॉफ हा रशियन पंडित होता. मुंबईकर श्रोत्यांना त्याच्या शिष्याचे नाव परिचित आहे. ओडेसा येथे मेचनिकॉफच्या हाताखाली शिकलेला आणि पुढे त्याच्या पाठोपाठ पॅरिसला गेलेला वाल्डेमार हाफकिन हा १८९६ च्या प्लेगात मुंबईत आला. त्याने ग्रँट मेडिकल कॉलेजच्या आवारात लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. परळच्या संस्थेला त्याचे नाव आहे ते याचसाठी. शिष्य बाहेरून येणाऱ्या जंतूंशी लढत होता. गुरूला मात्र घरात राहणाऱ्या जंतूंची शंका आली. मोठ्या आतड्यात अन्न कुजते, त्यातून विष उत्पन्न होते आणि त्या विषाने माणूस अकाली म्हातारा होतो, असे मेचनिकॉफचे मत होते. त्यावर उपाय म्हणून बल्गेरियातील शेतकऱ्यांसारखे आंबट दूध घ्यावे, असे त्याने १९०७ मधील ग्रंथात प्रतिपादिले. १९०८ मध्ये त्यास नोबेल पारितोषिक मिळाले ते निराळ्या शोधासाठी. पण लोकांच्या लक्षात राहिले ते दही. रोज संध्याकाळी गाडग्यात विरजण लावणाऱ्या इकडच्या गृहिणीला पॅरिसच्या या वार्तेचे फारसे नवल वाटले नसते.

दह्यापर्यंत गोष्ट थांबली असती तर बरे होते. लंडनचा नामांकित शल्यवैद्य आर्बथनॉट लेन याने बद्धकोष्ठाच्या रोग्यांचे मोठे आतडेच कापून काढण्याचा परिपाठ ठेवला. अमेरिकेत ट्रेंटन येथील मनोरुग्णालयाचा प्रमुख हेन्री कॉटन याने त्यावरही कळस केला. वेड हे शरीरात दडलेल्या जंतूंच्या विषाने लागते, अशी त्याची पक्की समजूत होती. म्हणून त्याने रोग्यांचे प्रथम दात उपटले, मग टॉन्सिल काढले आणि शेवटी आतडी काढली. आतड्याच्या शस्त्रक्रियेत त्याच्याच हिशेबाप्रमाणे दहांतील सुमारे तीन रोगी दगावत. ज्यांना आपली संमती धडपणे देता येत नव्हती अशी ती माणसे होती. सिद्धांत सुबक असला आणि रोगी असहाय असला म्हणजे वैद्याचा हात किती पुढे जातो, याचे याहून भयंकर उदाहरण विरळा.

स्वमग्नतेचा इतिहास स्वतंत्रपणे चालू होता. झुरिकच्या ब्लॉयलर याने तो शब्द १९११ च्या सुमारास मोठ्या माणसांच्या एका मनोविकाराच्या लक्षणासाठी वापरला होता. बाल्टिमोरच्या लिओ कॅनर याने १९४३ मध्ये तो ११ मुलांना लावला. त्यांत ८ मुलगे व ३ मुली होत्या. माणसांपेक्षा वस्तूंत रमणे, तीच ती कृती करीत राहणे, ठरलेल्या क्रमात यत्किंचित बदल झाला तरी आकांत करणे, ही लक्षणे त्याने बारकाईने टिपली. त्याच्या टिपणांत एक गोष्ट अशी आहे की, तिच्याकडे पुढे बरीच वर्षे कोणी फारसे पाहिले नाही: या मुलांपैकी कित्येकांच्या खाण्यापिण्याच्या अडचणी अगदी तान्हेपणापासूनच्या होत्या. अन्न हे बाहेरून आत येणारे पहिले आक्रमण, अशा अर्थाची मीमांसा कॅनरने केली आहे.

पोटाचा हा धागा सुटला आणि सर्व रोख आईकडे वळला. आईबाप थंड, कोरडे, म्हणून मूल असे, ही कल्पना विद्वानांत रूढ झाली. ब्रूनो बेटलहाइम याने १९६७ मध्ये ग्रंथ लिहून ती घरोघरी पोहोचविली. या काळात ज्या मातांनी आधीच रात्री जागून काढल्या होत्या, त्यांना वर आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहावे लागले. स्वतः एका स्वमग्न मुलाचा पिता असलेल्या बर्नार्ड रिमलंड याने १९६४ मध्येच त्याविरुद्ध पुराव्यानिशी लिहिले होते. १९७७ मध्ये इंग्लंडमधील २१ जुळ्या जोड्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात एकसारख्या जुळ्यांच्या ११ जोड्यांपैकी ४ जोड्यांत दोन्ही मुले स्वमग्न निघाली. भिन्न जुळ्यांच्या १० जोड्यांपैकी एकीतही तसे आढळले नाही. स्वमग्नतेत आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे हे त्यावरून दिसू लागले आणि मातांवरचा आळ हळूहळू उतरला.

मग पोट पुन्हा पुढे आले, पण दुर्दैवाने खोट्या वाटेने. १९९८ मध्ये लंडनच्या अँड्र्यू वेकफील्ड याने १२ मुलांवरील निबंधात आतड्याची सूज, स्वमग्नता आणि गोवराची संयुक्त लस यांची सांगड घातली. तो निबंध २०१० मध्ये नियतकालिकाने मागे घेतला आणि लेखकाचे नाव वैद्यांच्या नोंदवहीतून काढण्यात आले. परंतु तोवर असंख्य आईबापांनी भीतीने लस नाकारली होती, आणि जेथे लस गेली नाही तेथे गोवर परत आला. त्याच १९९८ साली एलन बोल्ट नावाच्या एका मातेने निराळीच शंका मांडली: काही मुलांच्या आतड्यात क्लॉस्ट्रिडियम जातीचे जंतू माजून त्यांचे विष मेंदूपर्यंत जात असावे. शिकागोच्या वैद्यांनी ती हसण्यावारी नेली नाही. ११ मुलांना आतड्यातच राहून काम करणारे एक जंतुनाशक औषध देण्यात आले. बहुतेकांत काही दिवस सुधारणा दिसली; औषध थांबताच ती ओसरली. २००० मध्ये हे प्रसिद्ध झाले. प्रयोग लहान, फळ अल्पजीवी. तरी आतड्याकडे प्रामाणिकपणे पाहण्याची वाट त्याने मोकळी केली.

त्यानंतर मोजणी सुरू झाली. अमेरिकेत २०१३ मध्ये स्वमग्न मुलांत प्रेव्होटेला नावाचे जंतू कमी आढळले. भारतातही २०१८ मध्ये केरळ केंद्रीय विद्यापीठ व भोपाळची विज्ञानसंस्था येथील संशोधकांनी ३० स्वमग्न व २४ इतर मुलांच्या पोटातील जंतूंची तुलना प्रसिद्ध केली. इतर मुलांत प्रेव्होटेलाच्या कुळाचे प्राबल्य होते. स्वमग्न मुलांत दह्यातील लॅक्टोबॅसिलसचे कूळ अधिक होते. मेचनिकॉफने ज्यांना तारणहार मानले त्यांचेच नातलग येथे जास्त निघाले! दह्याच्या गोळ्या महागड्या डब्यांतून विकणाऱ्यांनी हा निष्कर्ष आपल्या जाहिरातीत छापलेला दिसत नाही.

प्रेव्होटेला हे जंतू धान्य आणि चोथा यांवर पोसतात. २०१० मध्ये इटालियन संशोधकांनी आफ्रिकेतील बुर्किना फासोच्या एका खेड्यातील मुले आणि फ्लॉरेन्स शहरातील मुले यांची तुलना केली. बाजरी-ज्वारी व भाजीपाला खाणाऱ्या आफ्रिकन मुलांत प्रेव्होटेला विपुल होते, फ्लॉरेन्सच्या मुलांत ते आढळले नाहीत. आणि यांपैकी कोणतेही मूल आजारी नव्हते. कारखाने आल्यापासून सिल्वासाच्या एकेका वर्गात पाड्यावरचे मूल आणि उत्तर प्रदेश, बिहार वा ओडिशातून आलेल्या कामगाराचे मूल शेजारी बसते. एकाच्या डब्यात नागली, दुसऱ्याच्या डब्यात पोळी, तिसऱ्याच्या डब्यात बिस्किटांचा पुडा. त्यांच्या पोटातील जंतू सारखे असतील अशी अपेक्षाच करता येत नाही. तेव्हा ‘निराळे’ म्हणजे कोणाहून निराळे, हे आधी ठरवावे लागते.

हीच गोष्ट २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी नेटाने तपासली. ९९ स्वमग्न मुले, ५१ भावंडे आणि ९७ नात्याबाहेरची मुले, अशा २४७ जणांच्या विष्ठेबरोबर त्यांनी आहाराचीही नोंद घेतली. स्वमग्नतेचा आणि जंतूंचा थेट संबंध अगदीच क्षीण निघाला. आहाराचा संबंध मात्र ठळक होता. त्यांचा निष्कर्ष असा की, मूल स्वमग्न असते म्हणून त्याला ठराविक रंगाचे, ठराविक मऊपणाचे मोजकेच पदार्थ चालतात. पदार्थ मोजके म्हणून जंतूंचे प्रकार मोजके. ज्याला कारण समजले गेले ते परिणामाच्या रांगेत जाऊन बसले.

वाद येथे मिटला असे नाही. २०१७ मध्ये अमेरिकेतील अॅरिझोना येथे १८ मुलांना निरोगी माणसांचे आतड्यातील जंतू देऊन पोटाच्या तक्रारी व वर्तन या दोहोंत सुधारणा झाल्याचे प्रसिद्ध झाले. पण तुलनेसाठी औषध न दिलेला गट त्यात नव्हता. २०२४ मध्ये हाँगकाँगच्या संशोधकांनी १,६२७ मुलांच्या तपासणीवरून, जंतूंबरोबर बुरशी व विषाणूही मोजले तर स्वमग्नता ओळखण्यास साहाय्य होईल, असे मांडले आहे. ओळखण्याची खूण निराळी आणि कारण निराळे, एवढा विवेक येथे राखावा लागतो. धुरावरून विस्तव कळतो, धुराने तो पेटत नाही.

तोवर आईबापांच्या दारात विक्रेते येतातच. विष्ठेची महागडी परीक्षा करा, गहू बंद करा, दूध बंद करा, अमुक पूड द्या. आधीच चार पदार्थांवर जगणाऱ्या मुलाचे त्यांतील दोन काढून घेणे म्हणजे काय, हे त्या घरातल्या माणसालाच कळते. अशा पथ्यांना पुरेसा आधार नाही, असे अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या मंडळीने २०१० मध्येच एकमताने लिहिले. त्याच लेखात त्यांनी दुसरीही गोष्ट लिहिली, ती अधिक मोलाची आहे. बद्धकोष्ठ, पोटदुखी, जुलाब या तक्रारी स्वमग्न मुलांत पुष्कळ आढळतात आणि त्यांची तपासणी इतर कोणत्याही मुलाइतक्याच काळजीने व्हावी. ज्याला बोलता येत नाही ते मूल पोट दुखते असे सांगणार कसे? ते हात चावते, टेबलाच्या कडेवर पोट दाबून उभे राहते, रात्री किंचाळून उठते. आणि बघणारे म्हणतात, हा त्याच्या स्वमग्नतेचाच प्रकार. चार दिवस शौचास न झालेल्या मुलावर साधे उपचार होताच ते हात चावणे थांबले, असेही घडते.