फाटक मुंबईत, शेत जव्हारला

क्वारंटाइन हा शब्द करोनात घरोघरी पोचला. फळं, बियाणं, रोपं यांच्या बाबतीत मात्र तो आपल्याकडे शंभराहून अधिक वर्षं जुना आहे. आणि सुरुवात फळानं नाही, कापसानं झाली.

मेक्सिकोतला एक सोंडवाला भुंगा १८९२ च्या सुमारास टेक्सासात शिरला. (आपली बोंडअळी नव्हे, ही वेगळी कीड.) तो कळीत, बोंडात अंडी घालतो. तिकडे पीक हातचं जाऊ लागलं, पण इकडे मुंबईच्या गिरण्यांना अमेरिकी कापूस हवाच होता. म्हणून सरकारनं १९०६ मध्ये आयात गाठींना विषारी धुरी देणं सक्तीचं केलं. ३ फेब्रुवारी १९१४ ला विनाशकारी कीटक व कीड कायदा आला. तो भुंगा अजून भारतात आलेला नाही.

आता तेव्हाचा नकाशा बघा. जव्हार हे मुकण्यांचं संस्थान, तर शेजारचं मोखाडा ब्रिटिशांच्या ठाणे जिल्ह्यात. कायदा ब्रिटिश मुलखापुरता. म्हणजे बांधाला बांध लागून असलेली दोन शेतं, एक कायद्यात, दुसरं बाहेर! पण जव्हारला बंदर कुठे होतं? फाटक मुंबईत लागलं आणि संस्थानातली शेतंही राखली गेली. माझ्या मते या कायद्याची सगळी ताकद इथेच आहे: तो शेत नाही, वाट अडवतो.

वाट नेहमीच अडवता येते असं नाही. गाजर गवत १९५५ मध्ये पुण्यात दिसलं. ते पीएल-४८० च्या गव्हातून आलं असं सर्रास सांगतात, पण तो करार १९५६ चा. तेव्हा ही गोष्ट जरा जपून सांगावी.

याच वाटेवर उलट्या दिशेनंही फाटक लागतं. १ मे २०१४ पासून युरोपीय संघानं भारताचा आंबा, वांगी, कारली, पडवळ, अळू अडवलं. कारण फळमाशीसारख्या किडी. आंब्यावरची बंदी २०१५ च्या जानेवारीत उठली, पण तपासणी आणि प्रक्रियेच्या अटींसकट. जव्हार-मोखाड्यात बायफच्या वाडी प्रकल्पातून डोंगरउतारावर आंबा-काजू उभे राहिलेत. एकरभर वाडीच्या आंब्यानं कंटेनर भरत नाही, त्यामुळे अटी पाळायच्या तर अनेक वाड्यांना एकत्र यावं लागतं. फळमाशीचंही तसंच. आपल्या वाडीत सापळा टांगला आणि शेजाऱ्यानं टांगला नाही, तर माशी बांध ओलांडून येतेच.