मनी लाँडरिंग कायदा आणि छोटा व्यापारी : नियम कोणाला लागू, खर्च नेमका कुठे होतो?

बेळगाव-शहापूरचा सराफ असो, गोव्यातला जमिनीचा एजंट असो की इंदूरच्या सराफ्यातला पेढीवाला. ‘केवायसी’ हा शब्द आता सगळ्यांच्या तोंडी आहे. पण कायदा आपल्याला लागू आहे की नाही, हेच अनेकांना पक्के माहीत नसते. मग दोन प्रकार होतात. काही जण घाबरून नको तेवढी कागदपत्रे गोळा करतात, तर काही जण ‘हे मोठ्यांसाठी आहे’ म्हणून सोडून देतात. दोन्ही महागात पडते.

कायदा काय आहे?

मनी लाँडरिंग म्हणजे गुन्ह्यातून आलेला पैसा व्यवहारात फिरवून तो कमाईचा असल्याचे दाखवणे. ते रोखण्यासाठी संसदेने २००२ मध्ये कायदा केला. तो १ जुलै २००५ पासून लागू झाला. ‘पीएमएलए’ म्हणतात तो हाच. नुसता कर चुकवला म्हणजे मनी लाँडरिंग असे समीकरण नाही, पण बोलण्यात दोन्हींची गल्लत होते.

या कायद्याखाली बँका आणि इतर ठरावीक संस्थांनी ग्राहकाची ओळख पटवायची, नोंदी ५ वर्षे जपायच्या आणि ठरावीक व्यवहारांची माहिती दिल्लीच्या फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटला, म्हणजे ‘एफआययू’ला द्यायची असते. १० लाखांवरच्या रोख व्यवहारांचा अहवाल पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत जातो. संशयास्पद व्यवहाराला मात्र रकमेची मर्यादा नाही, आणि असा अहवाल पाठवल्याचे ग्राहकाला सांगायला मनाई आहे.

छोट्यांपैकी कोण यात येतो?

*सराफ* : २८ डिसेंबर २०२० च्या अधिसूचनेनुसार, एका ग्राहकाशी १० लाख किंवा त्याहून जास्त रोख व्यवहार करणारा सोने-चांदी-रत्नांचा व्यापारी कायद्याच्या कक्षेत येतो. रक्कम एकदम असो की एकमेकांशी जोडलेल्या तुकड्यांत, हिशेब एकच. याआधी ऑगस्ट २०१७ मध्ये २ कोटींच्या उलाढालीची अट घालून सराफांना कक्षेत घेतले होते. व्यापाऱ्यांची ओरड झाली आणि ऑक्टोबरमध्ये ती अधिसूचना मागे घेतली गेली.

*जमीन-घरांचे एजंट* : वार्षिक उलाढाल २० लाख किंवा जास्त असेल तर लागू. इथे रोखीची अट नाही.

*मनी चेंजर आणि कॅसिनो* : परकीय चलन बदलून देणारे परवानाधारक आणि कॅसिनो आधीपासूनच कक्षेत आहेत. गोव्यात याचा संबंध रोजचा.

*सीए, कंपनी सेक्रेटरी, कॉस्ट अकाउंटंट* : ३ मे २०२३ पासून, पण सरसकट नाही. ग्राहकाच्या वतीने मालमत्तेची खरेदी-विक्री, त्याचा पैसा किंवा बँक खाते सांभाळणे अशी कामे केली तरच.

किराणा, कापड, हार्डवेअरवाला या कायद्याखाली अहवाल देणारा नाही. त्याला जो त्रास होतो तो बँकेच्या खिडकीवर.

२ लाख आणि १० लाख यांची गल्लत

सराफांचा सगळ्यात मोठा गोंधळ इथेच आहे. २ लाखांची मर्यादा ही मनी लाँडरिंग कायद्याची नव्हे, आयकर कायद्याची. १ एप्रिल २०१७ पासून एका माणसाकडून एका दिवसात, एका व्यवहारात किंवा एकाच प्रसंगासाठी २ लाख किंवा जास्त रोख घेता येत नाही. घेतली तर घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड. ‘एकाच प्रसंगासाठी’ हे शब्द महत्त्वाचे. एका लग्नाचे दागिने तीन दिवसांत तीन बिले करून रोखीत दिले, तरी बेरीज धरली जाते.

यातून निघणारी गोष्ट सोपी आहे. जो सराफ आयकराची २ लाखांची मर्यादा पाळतो, तो १० लाखांच्या रोखीपर्यंत पोचतच नाही. म्हणजे एफआययूकडे अहवाल पाठवण्याचा प्रश्नच त्याच्यापुढे येत नाही. २ लाखांच्या आतल्या रोख खरेदीला आधार-पॅन सक्तीचे नाही, हेही केंद्राने जानेवारी २०२१ मध्ये स्पष्ट केले होते. मोड घेताना रोख देण्यालाही मर्यादा आहे. एका दिवसात एकाला १० हजारांवर रोख दिली तर व्यापाऱ्याला तो खर्च आयकरात सहसा धरता येत नाही.

मात्र एक गोष्ट छोट्यांना जाचते. रकमा गोठलेल्या आहेत, सोने नाही. २०१७ मध्ये १० ग्रॅम सोने ३० हजारांच्या आसपास होते, २०२५ मध्ये ते लाखापार गेले. तेव्हा २ लाखांत ६५ ग्रॅमच्या आसपास सोने यायचे, आता २० ग्रॅमही येत नाही. पूर्वी जाड हार घेणाऱ्या गिऱ्हाइकाला पॅन विचारावा लागे. आता साधी चेन आणि अंगठी घेणाऱ्या शेतकऱ्यालाही विचारावा लागतो. पॅन नसेल तर घोषणापत्राचा फॉर्म. कायदा तोच, कागद मात्र वाढले.

खर्च नेमका कुठे?

कक्षेत येणाऱ्याला एफआययूकडे नोंदणी, जबाबदार अधिकाऱ्याची नेमणूक, लेखी धोरण, ग्राहकाची जोखीम ठरवणे आणि कर्मचाऱ्यांना शिकवणे हे सगळे करावे लागते. मोठी साखळी दुकाने यासाठी एक विभाग ठेवतात आणि तो खर्च शेकडो कोटींच्या विक्रीवर वाटला जातो. दोन माणसांच्या जमीन एजन्सीत मालक हाच जबाबदार अधिकारी, हाच कारकून आणि गिऱ्हाइकाला प्लॉट दाखवायला नेणाराही हाच.

हिशेब करून पाहा. समजा नोंदी, झेरॉक्स, स्कॅन यात रोज एक तास जातो. महिन्याचे २६ दिवस धरले तर २६ तास, म्हणजे कामाचे तीन दिवस. वर जीएसटी, आयकर आहेतच. शिवाय सीएची फी, सॉफ्टवेअरचे भाडे आणि ५ वर्षे कागद सांभाळण्याची जागा. हा खर्च विक्रीबरोबर कमी-जास्त होत नाही. धंदा मंदीत असला तरी तेवढाच.

चूक झाली तर एफआययूचे संचालक लेखी ताकीद देऊ शकतात किंवा प्रत्येक चुकीला १० हजार ते १ लाख रुपये दंड करू शकतात. एकच फॉर्म दहा वेळा राहिला तर ती दहा चुका ठरू शकतात, हे छोट्याने विसरू नये.

सीमाभागाची वेगळी अडचण

चंदगडचा माणूस बेळगावात दुकान चालवतो, विटा-आटपाडीकडचा गलाई व्यावसायिक केरळ-तामिळनाडूत पेढी टाकतो. आधार एका राज्याचे, भाडेकरार दुसऱ्या राज्याचा. एका कागदावर वडिलांचे नाव पूर्ण, दुसऱ्यावर नुसते आद्याक्षर, तिसऱ्यावर आडनावाचे स्पेलिंग वेगळे. बँकेचे संगणक असे फरक मान्य करत नाहीत आणि खाते अडकते. चालू खाते आठवडाभर अडकले तर व्यापाऱ्याचे चेक परत जातात, बाजारातली पत जाते. हा खर्च कोणत्याच वहीत लिहिला जात नाही.

यावर थोडा दिलासा नियमांतच आहे. आधारवरचा पत्ता गावाचा आणि राहणे दुसरीकडे असेल, तर आधार ई-केवायसी करताना सध्याच्या पत्त्याचे स्वयंघोषणापत्र देता येते. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार केवायसी नव्याने करण्याची मुदत कमी जोखमीच्या ग्राहकाला १० वर्षे, मध्यमला ८ आणि जास्त जोखमीच्या ग्राहकाला २ वर्षे आहे. दरवर्षी कागद मागितले जात असतील तर आपण कोणत्या गटात आहोत, हे शाखेत लेखी विचारावे. भागीदारीत १० टक्क्यांवर हिस्सा असलेल्या प्रत्येकाची ओळख बँक मागते, त्यामुळे भागीदार बदलला की आधी बँकेला कळवलेले बरे.

खर्च आटोक्यात कसा ठेवावा?

- आपण कक्षेत येतो का, हे सीएकडून एकदा लेखी घ्यावे. येत नसाल तर महागडे ‘पीएमएलए पॅकेज’ घेण्याचे कारण नाही.
- ‘२ लाखांच्या आतच रोख’ ही पाटी काउंटरवर लावावी. निम्मे प्रश्न तिथेच संपतात.
- आधार, पॅन, बँक आणि जीएसटीवरची नावे एकदाच जुळवून घ्यावीत.
- गरजेपेक्षा जास्त आधारच्या प्रती ठेवू नयेत. त्या गहाळ झाल्या तर जबाबदारी आपलीच.
- मोड घेताना मात्र ओळखीची नोंद जरूर ठेवावी. चोरीचा माल घेतल्याचा संशय आला तर तीच नोंद उपयोगी पडते. तो कायदा वेगळा, पण वही एकच पुरते.

जागतिक पातळीवर हे नियम ठरवणाऱ्या ‘एफएटीएफ’ या गटाचा भारत २०१० पासून सदस्य आहे. जोखीम कमी तिथे नियम सोपे असावेत, असा बदल या गटाने फेब्रुवारी २०२५ मध्ये आपल्या शिफारशींत केला. तो काउंटरपर्यंत पोचायचा तेव्हा पोचेल. तोवर आपल्याला लागू नसलेल्या नियमाचा खर्च न करणे, एवढे तरी छोट्या व्यापाऱ्याच्या हातात आहे.