विकराचे काम मोजणारी केशनलिका



कामगार संघटनेच्या माणसाने रसायनशास्त्रावर बोलावे, हे काहींना चमत्कारिक वाटेल. माझे शिक्षण वाचनालयात झाले, कॉलेजात नव्हे. परंतु आमच्या चळवळीत एक प्रश्न रोज उभा राहतो: कोणी किती काम केले हे मोजायचे कसे? हाच प्रश्न शास्त्रज्ञांपुढे एका अतिशय लहान कामगाराबाबत उभा राहिला, आणि त्याचा पिच्छा पुरवण्यात नव्वद वर्षे गेली.

हा कामगार म्हणजे एन्झाइम, मराठीत विकर. पेशीतील जवळजवळ प्रत्येक रासायनिक फेरफारामागे एखादे विकर असते. ते स्वतः खर्ची पडत नाही. एक काम उरकले की दुसरे हाती घेते.

बर्लिनच्या एका नगरपालिका इस्पितळात लिओनोर मायकेलिस हे जंतुशास्त्रज्ञाची नोकरी करीत. विद्यापीठात त्यांना पगारी जागा मिळाली नव्हती. १९०९ साली त्यांनी उसाची साखर फोडणारे इन्व्हर्टेज हे विकर विजेच्या दोन टोकांमध्ये ठेवले आणि ते कोणत्या बाजूला सरकते ते पाहिले. विजेच्या ओढीने कण सरकवण्याच्या या युक्तीलाच इलेक्ट्रोफोरेसिस म्हणतात. पुढे कॅनडाच्या डॉक्टर मॉड मेंटेन त्यांच्याकडे आल्या, आणि १९१३ साली दोघांनी त्याच विकराच्या वेगाचा नियम मांडला. साखर वाढवली की काम वाढते, पण एका मर्यादेपर्यंतच. त्यानंतर सगळी विकरे गुंतलेली असतात, मग कितीही माल आणून ओता! यंत्रमागावर उभे राहिलेल्या माणसाला हा नियम समीकरणावाचूनही कळेल. मेंटेनबाईंना पिट्सबर्ग विद्यापीठात पूर्ण प्राध्यापकपद मिळाले ते १९४८ साली, सत्तरीच्या उंबरठ्यावर. दोन वर्षांत त्या निवृत्त झाल्या. असो.

या मोजमापात एक गोम होती. भांड्यात विकराचे अब्जावधी रेणू. मोजला जाई तो सर्वांचा मिळून वेग. त्याला रेणूंच्या संख्येने भागले की येते ती सरासरी. समजा, खात्याची सरासरी चाळीस मीटर कापड निघाली, म्हणून प्रत्येक मागावर चाळीसच निघाले असे होत नाही. कुठे सूत तुटत असते, कुठे माग जुना असतो. हिशेबनीसाच्या वहीत यातले काही उतरत नाही.

एकेका रेणूपर्यंत पोहोचायचे तर वीज उपयोगी होती, पण विजेने पाणी तापते. तापलेले पाणी वर चढते, गार खाली येते, आणि वेगळे झालेले थर पुन्हा मिसळतात. स्वीडनमध्ये उप्साला येथे आर्ने टिसेलियस यांनी १९३७ साली इंग्रजी यू अक्षराच्या आकाराची नळी थंड ठेवून, रक्तद्रवातील प्रथिने वेगळी करून दाखवली. १९४८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचे शिष्य स्टेलान येर्टेन यांनी १९६७ साली वेगळाच मार्ग काढला. काही मिलिमीटर व्यासाची नळी त्यांनी स्वतःभोवती सतत फिरती ठेवली, म्हणजे थरांना खाली बसायला सवडच नाही. १९८१ साली अमेरिकेत उत्तर कॅरोलायनात जॉर्गेन्सन आणि लुकाक्स यांनी नळी आतून केसाएवढी, ७५ मायक्रोमीटरची, केली. एवढ्या बारीक नळीतली उष्णता काचेतून चटकन निघून जाते. तिला ३०,००० व्होल्टपर्यंत दाब सोसवला. हीच ती केशनलिका.

१९९२ साली पर्ड्यू विद्यापीठात बाओ आणि रेग्निए यांनी तिच्यातच कारखाना मांडला. नळीत कच्चा माल भरायचा, विकराचा लहानसा घोट आत सोडायचा आणि वीज लावायची. मधेच वीज बंद केली की विकर आणि माल जागच्या जागी थबकतात, तयार माल साठत जातो. वीज पुन्हा सुरू केली की तो साठा सरकत तपासनाक्यावर येतो. थांबवण्याची ही युक्ती मला फार आवडते.

१९९५ साली आयोवात श्वे आणि युंग यांनी तिच्याच बळावर पुढचे पाऊल टाकले. लॅक्टेट डीहायड्रोजनेज या विकराचे द्रावण त्यांनी इतके विरळ केले की नळीत एक रेणू दुसऱ्यापासून दूर पडला. पुरेसा वेळ थांबल्यावर प्रत्येकाभोवती त्याने केलेल्या कामाची वेगळी रास जमली. वीज लावून त्या राशी एकामागून एक लेसरच्या झोतापुढून नेल्या. एकाच जातीचे रेणू, एकच माल, एकच तापमान; आणि कामात चौपटीपर्यंत फरक!

या निकालावर वाद झाला, तो व्हायलाच हवा होता. २००० साली कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठात जीवाणूंच्या अल्कलाइन फॉस्फटेज या विकराची हीच परीक्षा झाली. या वेळी विकर अतिशय काळजीपूर्वक शुद्ध केलेले होते, आणि त्याचे रेणू एकसारखे काम करताना आढळले. एका विकरावरून दुसऱ्याचा निवाडा करता येत नाही हे खरे. तरीही आता विचारणे भाग पडले: आधी जे रेणू मंद दिसले ते मुळातच मंद होते, की नळीपर्यंत आणताना त्यांना इजा झाली होती?