जात्यावरच्या ओवीचा डिजिटल प्रवास

१/ पूर्वीच्या वेल्हे तालुक्यातील गुंजवणे हे राजगडाच्या पायथ्याचे गाव. येथून चोरदरवाज्याची वाट पद्मावती माचीवर चढते. स्वराज्याच्या या पहिल्या राजधानीचा २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. गडाचा इतिहास तटबंदीत आणि मोडी कागदांत टिकला. मावळातल्या घराघरांत दळण दळणाऱ्या स्त्रियांची नोंद मात्र कोणत्याही दप्तरात झाली नाही.

२/ त्यांचा इतिहास ओवीत होता. पहाटे जात्याच्या घरघरीवर सीतेचा वनवास, विठ्ठल, माहेर, भाऊ, सासुरवास गायला जाई. पुढे बाबासाहेब आंबेडकरांवरही ओव्या झाल्या. आईकडून लेकीकडे हा ठेवा जाई. गावोगाव पिठाची गिरणी आली आणि जाते थांबले. कष्ट सरले, पण त्यांबरोबर ओवी गाण्याची वेळही सरली.

३/ हे ओळखून पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी ओव्या टिपण्याचे काम उभे केले. पुणे जिल्ह्याच्या डोंगरी गावांतून सुरू झालेले हे काम महाराष्ट्रातील हजारांहून अधिक गावांपर्यंत पोहोचले. एक लाखाहून अधिक ओव्या, गाणारीच्या नावासह आणि गावासह नोंदल्या गेल्या.

४/ १९९० च्या दशकात संगणक-संगीततज्ज्ञ बर्नार्ड बेल या कामात सामील झाले. वह्यांतल्या ओव्या संगणकावर आल्या. गाणाऱ्यांचे आवाज डिजिटल ध्वनिफितींवर उतरले.

५/ आवाज वाचला, पण धोका टळला नाही. अशा फिती वाजवणारी यंत्रे बनवणे सोनी कंपनीने २००५ मध्ये थांबवले. युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलेला मराठी मजकूर, तो फॉन्ट नसेल तर, आज निरर्थक चिन्हांसारखा दिसतो. साडेतीनशे वर्षांपूर्वीचा मोडी कागद जाणकाराला आजही वाचता येतो. तीस वर्षांपूर्वीची डिजिटल नोंद कधी कधी उघडतही नाही.

६/ पॉइटवाँ २००४ मध्ये आणि राईरकर २०१० मध्ये निवर्तल्या. तरीही संग्रह थांबला नाही. 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहाने २०१७ पासून या ओव्या आवाज, मजकूर आणि अनुवादासह जगासमोर आणल्या. प्रत्येक टप्प्यावर कोणीतरी जुन्या माध्यमातून नव्या माध्यमात त्या वाहून नेल्या, म्हणूनच त्या आज ऐकू येतात.

७/ गडाचा चिरा शतकभर दुर्लक्षित राहिला तरी जागेवर असतो. डिजिटल ठेव्याला ही सवलत नाही. आजीच्या ओवीचे ध्वनिमुद्रण मोबाइलमध्ये असेल, तर त्यावर तिचे नाव, गाव, तारीख लिहावी आणि दोन-तीन ठिकाणी प्रती ठेवाव्यात. उद्याच्या इतिहासकाराचे दप्तर याच नोंदींतून घडणार आहे.