कुरघोडीची शाळा आणि उतरंडीचे हसू

मागच्या वर्षी पदवीच्या शेवटच्या वर्गातला एक विद्यार्थी माझ्या घरी आला. त्याला एका नोकरीच्या मुलाखतीचे बोलावणे आले होते. अभ्यास चोख होता. विचारायचे होते ते वेगळेच. तो म्हणाला, "सर, तिथं बसायचं कसं, बोलायचं कसं, तेवढं शिकवा. आपण कुठून आलोय हे त्यांना कळता कामा नये."

मला सुचले ते मी सांगितले. तो गेल्यावर मात्र मला एक जुना इंग्रजी चित्रपट आठवला. 1960 साली निघालेल्या 'स्कूल फॉर स्काउंड्रल्स' या चित्रपटाचा नायक नेमके हेच शिकण्यासाठी एका शाळेत नाव घालतो. हा आणि याच जातकुळीचे इतर ब्रिटिश विनोदी चित्रपट मी पुन्हा पाहिले. साठ-सत्तर वर्षे उलटली तरी ते हसवतात. ते का हसवतात, कोणाला हसवतात आणि कोणाच्या अंगावर हसतात, याचा विचार आपल्यासारख्या पहिल्या पिढीच्या पदवीधरांनी करण्याजोगा आहे.

चित्रपटाचा नायक हेन्री पालफ्री हा भिडस्त, पडखाऊ माणूस. वडिलोपार्जित कंपनीचा मालक असूनही हेडक्लार्क त्याला जुमानत नाही. उपाहारगृहात त्याला टेबल मिळत नाही. मोटारी विकणारे दोन ठग जुनाट खटारा त्याच्या गळ्यात मारतात. डिलॉनी नावाचा गुलछबू टेनिसच्या मैदानावर गोड बोलत त्याला असा नमवतो, की सोबत आलेल्या मुलीसमोर त्याला तोंड दाखवायला जागा राहत नाही. मग पालफ्री येओव्हिल गावच्या एका कॉलेजात जातो. तेथे एकच विषय शिकवला जातो : दुसऱ्यावर कुरघोडी कशी करावी. जो वर नाही तो खाली आहे, हा तिथला पहिला धडा. धडे गिरवून तो परततो आणि एकेकाचे उट्टे काढतो.

ही शाळा काल्पनिक असली तरी तिचा प्राचार्य अगदीच काल्पनिक नाही. स्टीफन पॉटर हा खरा लेखक होता आणि लंडनच्या बर्कबेक कॉलेजात इंग्रजी साहित्य शिकवत असे. दिवसा पोटासाठी राबणाऱ्यांना संध्याकाळी शिकवणारे ते कॉलेज. पॉटरनेच सांगितलेली हकीकत अशी : 1931 मध्ये तो आणि तत्त्वज्ञानाचा अध्यापक सी. ई. एम. जोड दोन तरुण विद्यार्थ्यांविरुद्ध टेनिस खेळत होते आणि सपाटून हरत होते. एक चेंडू उघड उघड बाहेर, पार मागच्या जाळीवर गेला. तेव्हा जोडने अतिशय सभ्य आवाजात विनंती केली, की चेंडू आत पडला की बाहेर हे कृपया स्पष्ट सांगत जा. बिचारी चांगल्या वळणाची पोरे! आपल्या सभ्यपणाबद्दलच शंका घेतली गेली या विचाराने ती ओशाळली, त्यांचा खेळ विसकटला आणि मास्तर जिंकले. कोणताही नियम मोडला नव्हता. प्रतिस्पर्ध्याच्या मनात त्याच्या स्वतःबद्दल शंका पेरली, एवढेच.

या एका प्रसंगातून पॉटरने आपले 'शास्त्र' उभे केले. 1947 मध्ये 'गेम्समनशिप', 1950 मध्ये 'लाइफमनशिप', 1952 मध्ये 'वन-अपमनशिप' अशी त्याची पुस्तके आली. गंभीर पाठ्यपुस्तकाच्या थाटात लिहिलेली ही थट्टा होती. तिचे मर्म एवढेच, की मोठेपणा हा गुण नसून हुन्नर आहे. समोरच्याला अवघडून टाकता आले, की तुम्ही मोठे.

ही पुस्तके आणि हे चित्रपट नेमके त्याच वर्षांत लोकांना का भावले? 1944 च्या शिक्षण कायद्याने इंग्लंडमध्ये माध्यमिक शिक्षण मोफत झाले. 1945 च्या निवडणुकीत मजूर पक्ष प्रचंड बहुमताने सत्तेवर आला. 1948 मध्ये सर्वांसाठी सरकारी आरोग्यसेवा सुरू झाली. खाणकामगारांची, गिरणीकामगारांची मुले शिष्यवृत्त्या मिळवून वर येऊ लागली. अशा शिष्यवृत्तीवाल्या मुलाची घुसमट लीड्सच्या श्रमिक वस्तीतून आलेल्या रिचर्ड हॉगार्टने 1957 च्या आपल्या 'द यूजेस ऑफ लिटरसी' या ग्रंथात मांडली आहे. हा मुलगा घरात परका होतो आणि ज्या वर्गात शिरतो तिथेही परकाच राहतो. आपल्याला हे कोणी समजावून सांगायला नको.

दरवाजा उघडला की आतले लोक उंबरठा उंच करतात. 1954 मध्ये ॲलन रॉस या भाषाशास्त्रज्ञाने एक निबंध लिहून दाखवले, की इंग्लंडचा वरचा वर्ग आता पैशाने नव्हे, तर मुख्यतः बोलण्याने ओळखू येतो. जेवताना वापरायच्या रुमालाला 'नॅपकिन' म्हणणारा वरचा आणि 'सर्व्हिएट' म्हणणारा खालचा. नॅन्सी मिटफर्ड या खानदानी लेखिकेने तो विषय उचलला. 1956 मध्ये त्यावर पुस्तकही निघाले आणि आपले शब्द बरोबर आहेत की नाहीत या धास्तीने मध्यमवर्ग स्वतःचेच बोलणे तपासू लागला. हे वाचताना मला माझ्या नोकरीचा पहिला महिना आठवला. स्टाफरूममध्ये मी 'पानी' म्हणालो आणि एका ज्येष्ठ सहकाऱ्याने हसत, अगदी प्रेमाने, मला 'पाणी' म्हणायला लावले. तेही एकदा नव्हे, तीनदा. त्यांनी कोणताही नियम मोडला नव्हता. चेंडू आत की बाहेर एवढेच विचारले होते. मी मात्र पुढचा आठवडाभर तहान लागली तरी पाणी मागितले नाही.

या चित्रपटांचे खरे आकर्षण येथे आहे. ज्याने असा अपमान गिळला आहे, त्याला ते अपमानाचे यंत्र उघडून दाखवतात. डिलॉनीच्या अंगात जन्मजात काही नाही. आहे तो आवाज, मोटार आणि वेळ साधून केलेले स्मित. पालफ्री तेच शिकून येतो आणि डिलॉनी घामाघूम होतो. मोठेपणा शिकता येत असेल, तर तो दैवी नाही. हे पाहून येणारे हसू मोकळे करणारे असते.

रॉबर्ट हॅमर याच दिग्दर्शकाने 1949 मध्ये केलेला 'काइंड हार्ट्स अँड कॉरोनेट्स' हा ईलिंग स्टुडिओचा चित्रपट आणखी पुढे जातो. लुई मॅझिनीची आई सरदारघराण्यातली. तिने इटालियन गायकाशी लग्न केले म्हणून घराण्याने तिला टाकले. ती मेल्यावर घराण्याच्या स्मशानगृहात पुरायलाही जागा दिली नाही. कापडाच्या दुकानात नोकरी करणारा लुई मग आपल्या आणि ड्यूकपदाच्या मध्ये उभ्या असलेल्या नातेवाइकांचे एकेक करून खून पाडतो. त्या घराण्यातली आठ माणसे ॲलेक गिनेस या एकाच नटाने रंगवली आहेत. पाद्री, सेनापती, नौसेनापती, सगळ्यांचा चेहरा तोच. एकच घराणे धर्मपीठावरही बसते, सैन्यातही आणि पेढीवरही, हे सांगायला भाषण लागत नाही. आणि त्या सर्वांत अदबशीर, सर्वांत 'खानदानी' दिसतो तो दुकानातला नोकर!

पण येथेच थांबून पाहिले पाहिजे. लुईला ड्यूकपद नष्ट करायचे नाही, त्याला ते मिळवायचे आहे. पालफ्रीही मुळात मालकच आहे. शाळेतून परतल्यावर तो ज्यांना नमवतो त्यांत त्याचा हेडक्लार्कही आहे. प्रेमाच्या बाबतीत तो अखेर डावपेच टाकून प्रामाणिक होतो, परंतु शाळा बंद पडत नाही. शेवटी डिलॉनीच तिथे नाव घालायला येतो. माणसे पायऱ्या बदलतात. शिडी जागची हलत नाही.

शिडी शाबूत ठेवून हसायचे ठरवले, की हसू खालच्या दिशेनेही वाहू लागते. बोल्टिंग बंधूंचा 1959 चा 'आय ॲम ऑल राइट जॅक' पाहा. मालकांची लबाडी त्यात आहेच. पण प्रेक्षकांच्या लक्षात राहिला तो पीटर सेलर्सने अप्रतिम वठवलेला कामगार पुढारी फ्रेड काइट. हा माणूस जड जड शब्द वापरतो, रशियाची स्वप्ने पाहतो आणि ऑक्सफर्डच्या बेलियल कॉलेजातल्या उन्हाळी वर्गाला हजर राहिल्याचा अभिमान मिरवतो. त्या अभिमानाला सारे थिएटर हसते. मीही हसलो आणि मग गप्प झालो. दिवसभर राबून रात्री पुस्तक उघडणाऱ्या, उसन्या शब्दांत आपला हक्क मांडणाऱ्या माणसाला मी ओळखतो. आपल्या चळवळीचे कितीतरी कार्यकर्ते असेच शिकले. त्यांचे शब्द जागेवर बसले नाहीत म्हणून हसणारे लोक त्यांच्या मागणीचे उत्तर देण्याचे टाळत होते.

उतरंडीचे हे रहस्य 1966 मध्ये बीबीसीच्या 'द फ्रॉस्ट रिपोर्ट' या कार्यक्रमातल्या एका छोट्या प्रहसनाने उघड केले. तीन माणसे ओळीने उभी आहेत. जॉन क्लीझ उंच, रॉनी बार्कर मध्यम, रॉनी कॉर्बेट बुटका. मधला वरच्याकडे मान उंचावून पाहतो आणि खालच्याकडे तुच्छतेने पाहतो. खालच्याला फक्त वर पाहायचे आहे. बाबासाहेबांनी जिला श्रेणीबद्ध विषमता म्हटले, तिचे गमक हेच. 1936 च्या 'जातिनिर्मूलन' या भाषणात त्यांनी दाखवून दिले, की जातींची रचना पायरीपायरीची असल्यामुळे प्रत्येकाला आपली पायरी गमावण्याची भीती असते, आणि म्हणून सगळे मिळून त्या रचनेविरुद्ध उभे राहत नाहीत. मधल्या माणसाला शिडी पाडायची नसते, कारण त्याच्या पायाखाली अजून कोणीतरी असते.

तरीही इंग्लंडची वर्गव्यवस्था आणि आपली जातिव्यवस्था यांची सरमिसळ करणे चुकीचे ठरेल. पॉटरचे शास्त्र चालते ते अनोळखी माणसांत. आवाज बदलला, शब्द बदलले, की इंग्रज माणूस निदान काही काळ खपून जातो. येथे मात्र आडनाव विचारले जाते. आडनावाने कळले नाही तर गाव, आणि गावाने कळले नाही तर गावात घर कोणत्या बाजूला, हे विचारले जाते. विशेष म्हणजे इंग्रजी हसण्यालाही ही मर्यादा ठाऊक होती. 'काइंड हार्ट्स' ज्या 1907 च्या कादंबरीवर बेतला आहे, तिचा नायक अर्धा ज्यू आहे. चित्रपटात तो अर्धा इटालियन झाला. हिटलरने लाखो ज्यूंची कत्तल केल्यानंतर चारच वर्षांनी हा बदल का झाला असावा, हे समजणे अवघड नाही. वर्गाची थट्टा करता येते. जन्मावरून माणूस मारला जातो तेथे डावपेच शिकवणारी शाळा पुरी पडत नाही. याच काळात वेस्ट इंडीजमधून आलेले काळे कामगार लंडनच्या बसगाड्या आणि इस्पितळे चालवू लागले होते आणि 1958 मध्ये नॉटिंग हिलला त्यांच्यावर हल्ले झाले. या तिन्ही चित्रपटांत त्यांच्यापैकी कोणी नायक नाही.

मग हे चित्रपट आपण पाहावेत की नाहीत? अवश्य पाहावेत. मोठेपणाचा धाक हा बनवलेला असतो, हे इतक्या हसत-खेळत क्वचितच कोणी दाखवले असेल. मात्र पाहताना एक प्रश्न जवळ ठेवावा : हे हसू वर चालले आहे की खाली?

माझा तो विद्यार्थी महिन्याभराने पुन्हा आला. नोकरी मिळाली नव्हती, दुसरीकडचे बोलावणे आले होते. या वेळी आम्ही दोघांनी मिळून 'स्कूल फॉर स्काउंड्रल्स' पाहिला. टेनिसच्या प्रसंगाला तो पोट धरून हसला. संपल्यावर मी त्याला म्हणालो, खुर्चीत कसे बसायचे ते मी शिकवीन, त्यात लाज नाही. ती त्यांची खेळी आहे, ती ओळखता आली पाहिजे. पण आपण कुठून आलो हे लपवायला मात्र मी शिकवणार नाही. त्यांनी विचारले तर गावाचे नाव सांग, वस्तीचेही सांग, आणि पुढच्या प्रश्नाची वाट पाहा. अवघडण्याची पाळी नेहमी आपलीच असली पाहिजे, असे कुठल्याही शास्त्रात लिहिलेले नाही.

तो थोडा वेळ गप्प बसला. मग उठून माठाकडे गेला आणि म्हणाला, "सर, पानी घेतो."