कर्ज, दान आणि जंगल

दीघनिकायातील दोन सुत्ते एकत्र वाचावीत, असे आम्हास वाटते. चक्कवत्तिसीहनाद सुत्तात राजा चोराला धन देतो. ते ऐकून इतरही चोरीकडे वळतात. कूटदन्त सुत्तात मात्र पुरोहित महाविजित राजाला सुचवितो, की शेतकऱ्यांना बी-बियाणे व चारा, व्यापाऱ्यांना भांडवल आणि राजसेवकांना वेतन द्यावे. (हे भांडवल व्याजाने दिल्याचा उल्लेख तेथे नाही, हेही नोंदवावे.)

केवळ दान पुरत नाही, हा विचार नाबार्डच्या १९९२ च्या प्रयोगामागेही होता. त्यात ५०० बचत गटांना बँकांशी जोडण्याचे ठरले. पुढे १९९४ मध्ये आंतरराष्ट्रीय निधीच्या साहाय्याने ग्रामीण पतपुरवठा प्रकल्प आला. चंद्रपूर जिल्हा त्यात होता. ज्या स्त्रीपाशी गहाण ठेवण्यास जमीन नव्हती, तिची हमी आता गट घेऊ लागला. सावकाराच्या दारातून सुटण्याची ही वाट लहान नव्हती.

परंतु कर्जाचा हप्ता दरमहा येतो. जंगलातील मिळकत तशी येत नाही. मोहफूल फाल्गुन-चैत्रात, तेंदूपान उन्हाळ्यात, धान कार्तिकानंतर. आषाढ-श्रावणात घरात काहीच नसते, आणि तेव्हा घेतलेले कर्ज धंद्यात न जाता चुलीत जाते. तेव्हा शेजारी असलेल्या आंध्र प्रदेशात सूक्ष्म कर्जाच्या वसुलीचा जाच इतका वाढला, की २०१० मध्ये सरकारला अध्यादेश काढावा लागला.

बाबासाहेबांनी १९१८ च्या लहान धारणक्षेत्रांवरील निबंधात दाखविले होते, की जमिनीचा तुकडा पुरेसा आहे की नाही, हे भांडवल व इतर साधनांच्या प्रमाणावर ठरते. जंगल जिल्ह्यांत हेच उलट बाजूने दिसते: कर्ज आहे, पण ज्यावर राबायचे ते साधन स्वतःचे नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपज मानले. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावास २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेकडे आला. बांबू विकून आलेला पैसा कुणाचे दान नव्हते, कर्जही नव्हते.

आता आपल्या समाजाचा प्रश्न. आदिवासी नसलेल्या वननिवासी कुटुंबाला याच कायद्याखाली तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास सिद्ध करावा लागतो. ज्यांच्या आजोबांच्या नावे कोणतीच नोंद कधी झाली नाही, अशा भूमिहीन बौद्ध कुटुंबाला बचत गटाचे कर्ज मिळते, पण वनजमिनीचा पट्टा मिळत नाही.