टाऊन हॉल, मुंबई
टाऊन हॉल, मुंबई : मुंबईच्या कोट विभागातील एकोणिसाव्या शतकातील प्रसिद्ध वास्तू. एशियाटिक सोसायटीचे ग्रंथालय व महाराष्ट्र शासनाचे राज्य मध्यवर्ती ग्रंथालय येथे आहे. भारतातील ग्रीक पुनरुज्जीवन शैलीच्या उत्कृष्ट वास्तूंत तिची गणना होते.

ग्रंथालयाचा इतिहास इमारतीपेक्षा जुना आहे. मुंबईचे रेकॉर्डर (न्यायाधीश) सर जेम्स मॅकिंटॉश (१७६५–१८३२) यांनी २६ नोव्हेंबर १८०४ रोजी परळ येथे ‘लिटररी सोसायटी ऑफ बॉम्बे’ ही संस्था स्थापन केली. पौर्वात्य विद्यांचा अभ्यास हा तिचा हेतू होता. लष्करी वैद्यांनी १७८९ पासून जमविलेला ग्रंथसंग्रह पुढल्याच वर्षी संस्थेकडे आला व तोच ग्रंथालयाचा पाया ठरला. ग्रंथ, वस्तुसंग्रह व सार्वजनिक सभा यांसाठी शहरात एक भव्य इमारत असावी, अशी कल्पना मॅकिंटॉश यांनी १८११ मध्ये मांडली. निधी उभारण्यासाठी सोडती काढण्यात आल्या. तथापि जमलेली रक्कम अपुरी पडली. अखेरीस ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारने खर्चाचा भार उचलला. कर्नल टॉमस कूपर या लष्करी अभियंत्याच्या आराखड्यानुसार १८२१ मध्ये सुरू झालेले बांधकाम १८३३ मध्ये पूर्ण झाले. दरम्यान ही संस्था लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीची मुंबई शाखा बनली होती.

वास्तूचे दर्शनी अंग पश्चिमेस आहे. उंच जोत्यावरील मुख्य मजल्यापर्यंत रुंद दगडी पायऱ्यांची रांग जाते. पायऱ्या तीस आहेत. त्यांच्या माथ्यावर आठ पन्हळीदार डोरिक स्तंभांची देवडी असून तीवर त्रिकोणी शिखरपट्ट आहे. बाह्यांग डोरिक, तर आतील सजावट मुख्यत्वे कॉरिंथियन पद्धतीची आहे. तळमजल्यावरील एका दालनातील आयोनिक स्तंभ अथेन्सनजीक इलिसस नदीकाठी असलेल्या मंदिराच्या स्तंभांवरून घडविले आहेत. वरच्या मजल्यावरील मुख्य सभागृह सु. १०० फूट (सु. ३० मी.) चौरस आहे. ग्रीक मंदिराचा हा आराखडा मुंबईच्या हवामानाला जुळवून घ्यावा लागला. खिडक्यांवरील लाकडी छज्ज्यांमुळे ऊन व पाऊस अडतो. उंच छतांमुळे दालने हवेशीर राहतात. स्तंभ इंग्लंडहून आणविले व त्यांतील जास्तीचे भायखळ्याच्या ख्राइस्ट चर्चला देण्यात आले, असे परंपरेने सांगितले जाते.

इमारतीसमोर त्या काळी ‘बॉम्बे ग्रीन’ नावाचे मोकळे मैदान होते. कंपनीचे राज्य संपुष्टात आल्यावर राणी व्हिक्टोरियाचा जाहीरनामा १ नोव्हेंबर १८५८ रोजी याच पायऱ्यांवरून वाचण्यात आला. पुढे मैदानाच्या जागी एल्फिन्स्टन सर्कल हा वर्तुळाकृती चौक उभारण्यात आला. स्वातंत्र्यानंतर त्यास पत्रकार बी. जी. हॉर्निमन यांचे नाव देण्यात आले.

नावाने ही नगराची वास्तू असली, तरी तेथील ग्रंथालय प्रारंभी केवळ यूरोपीय सभासदांचे होते. माणकजी करसेटजी या पारशी गृहस्थांना एकदा नकार मिळाल्यानंतर १८४० मध्ये सभासदत्व मिळाले व भारतीयांना संस्थेचे दार उघडले. त्याचे परिणाम दूरगामी ठरले. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे शिलालेखविषयक लेखन व रा. गो. भांडारकरांचे संशोधन संस्थेच्या नियतकालिकातून प्रसिद्ध झाले. न्यायमूर्ती काशिनाथ त्र्यंबक तेलंग (१८५०–९३) हे संस्थेचे पहिले भारतीय अध्यक्ष होत. विसाव्या शतकात भारतरत्न पां. वा. काणे यांच्या व्यासंगाशी हे ग्रंथालय निगडित राहिले. गव्हर्नरांच्या संगमरवरी पुतळ्यांच्या सान्निध्यात जगन्नाथ शंकरशेट यांचा पुतळाही येथे आहे.

संग्रहात एक लाखाहून अधिक ग्रंथ असून संस्कृत, प्राकृत, फार्सी इ. भाषांतील हस्तलिखिते, जुनी नाणी व नकाशे आहेत. दान्तेच्या दिव्हीना कोम्मेदीआची प्राचीन हस्तलिखित प्रत आणि भगवानलाल इंद्रजी यांना १८८२ मध्ये सोपारा येथील स्तूपात सापडलेले बौद्ध अवशेषकरंडक यांस विशेष महत्त्व आहे.

१९५४ मध्ये लंडनच्या संस्थेशी असलेला संबंध संपून ‘एशियाटिक सोसायटी ऑफ बॉम्बे’ हे नाव रूढ झाले. २००२ पासून त्यात ‘मुंबई’ हा शब्द आला. १९५४ च्याच ग्रंथप्रदान कायद्यान्वये देशात प्रकाशित होणाऱ्या प्रत्येक ग्रंथाची प्रत ज्या मोजक्या सार्वजनिक ग्रंथालयांस देणे प्रकाशकांवर बंधनकारक झाले, त्यांत मुंबईच्या मध्यवर्ती ग्रंथालयाचा समावेश आहे. त्यामुळे ‘टाऊन हॉल’ हे नाव खऱ्या अर्थाने सार्थ झाले.

समुद्रकाठची दमट हवा, कीड व वाढता ग्रंथभार ही या वास्तूपुढील कायमची आव्हाने आहेत. कागदाचा जीर्णोद्धार व ग्रंथांच्या संगणकीय प्रतिमा तयार करणे ही कामे संस्थेने हाती घेतली आहेत. तथापि येथे वास्तूचे जतन व ग्रंथांचे जतन ही दोन निराळी कार्ये नाहीत. छत गळले, तर त्याखालील शतकांचा संचय भिजतो. म्हणून इमारतीची देखभाल हाच ग्रंथरक्षणाचा पहिला उपाय ठरतो.